हिऱ्यांच्या कुड्या नाकारणारी मुलगी

बचत गटाच्या कामासाठी मला महिन्यातून दोनदा तालुक्याला जावं लागतं. तिथल्या एका कार्यालयाच्या आवारात पर्जन्यमापक आहे आणि त्याच्या अगदी डोक्यावर कडुलिंबाची फांदी आलेली. पाऊस अर्धा पानांवरच अडायचा, नाहीतर नंतर ठिबकत राहायचा. आमच्या भागात दुष्काळ जाहीर होणार की नाही, हे पावसाच्या आकड्यांवर ठरतं. मी बोलले, तर थोडं इकडेतिकडे चालतं म्हणून मला वाटेला लावलं. तेव्हा मला अ‍ॅना मणी आठवल्या. चुकीची मोजमापं असण्यापेक्षा ती नसलेली बरी, असं मानणारी ही बाई!

२३ ऑगस्ट १९१८ ला केरळातल्या पीरमेड इथे त्यांचा जन्म झाला. वडील इंजिनीअर, वेलदोड्यांचे मळे, घरचं सगळं छान. आठ भावंडांत या सातव्या. त्या घरात मुलग्यांनी शिकायचं आणि मुलींनी लग्नाची तयारी करायची, असा रिवाज. आठव्या वाढदिवसाला रिवाजाप्रमाणे हिऱ्यांच्या कुड्या पुढे आल्या, तर या पोरीने त्या परत करून ज्ञानकोशाचे खंड मागितले. आपल्यापैकी किती जणींना हे सुचलं असतं? मला तरी नाही.

पुढे गंमत अशी की, हिरे त्यांच्या वाट्याला आलेच, पण प्रयोगशाळेत. १९४० मध्ये त्या बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधनाला गेल्या. हिरे आणि माणकांच्या वर्णपटांचे फोटो घ्यायला पंधरा-वीस तास लागत, म्हणून त्या कधीकधी तिथेच झोपत. पाच शोधनिबंध झाले. पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. मला वाचताना राग आला, त्यांनी मात्र त्याचं दुःख उगाळलं नाही.

१९४५ मध्ये शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या, तिथे हवामानाची उपकरणं शिकल्या आणि १९४८ मध्ये परतून आपल्या पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. तोवर साधी उपकरणंसुद्धा परदेशातून यायची. बाईंनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे पक्के केले आणि ती इथेच बनवून घेतली. हाताखाली शंभराहून अधिक पुरुष आणि साहेब एक बाई, तेही पन्नाशीच्या दशकात!

पाण्याचा हिशेब घरखर्चासारखाच असतो. पाऊस ही जमा. काही पाणी वाहून जातं, काही मुरतं, आणि बराच खर्च होतो तो वाफ होऊन. जमा मोजायची सोय आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून होती, पण वाफेचा खर्च काढायचा तर ऊन, वारा, तापमान, हवेतला ओलावा असं सगळंच लागतं, आणि ऊन मोजणारं फारसं कोणी नव्हतं. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात मणींनी देशभर ऊन मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. नुसतं यंत्र बसवून त्या थांबल्या नाहीत. प्रत्येक यंत्र प्रमाण यंत्राशी ताडून पाहायचं, हा त्यांचा कटाक्ष. पुण्यातलं आणि जोधपूरचं ऊन एकाच मापाने मोजलं गेलं, तरच नकाशाला अर्थ!

१९६३ मध्ये विक्रम साराभाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थुंब्याच्या रॉकेट केंद्रावर हवामानाची वेधशाळा उभी केली. ओझोन मोजायचं यंत्रही केलं. १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. देशभरातल्या उन्हाच्या आकड्यांचे जाडजूड ग्रंथ त्यानंतरचे. वाऱ्याचंही तसंच. पवनचक्की कुठे उभारायची हे ठरवायला ते आकडे लागतात.

लग्न त्यांनी केलं नाही. तरुणपणी अंगावर घेतलेली खादी शेवटपर्यंत सोडली नाही. १९९४ मध्ये पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळवलं आणि १६ ऑगस्ट २००१ ला तिरुवनंतपुरमला त्या गेल्या.

तालुक्याची ती फांदी तिसऱ्या अर्जानंतर तोडली. आता आमच्या गटातल्या दोघी जणी पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला आकडा वहीत उतरवून घेतात.