मैदानावरचे शिक्षक : सय्यद अब्दुल रहीम

भारतीय फुटबॉलला दोनदा आशियाई सुवर्णपदक मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम मूळचे शाळाशिक्षक. १९०९ साली हैदराबादेत जन्मलेल्या रहीमसाहेबांमधला शिक्षक प्रशिक्षक झाल्यावरही जागा राहिला. वर्गातील सारी मुले एकाच गतीने शिकत नाहीत, याची जाण ठेवूनच ते खेळाडूंकडे पाहत.

१९४३ मध्ये हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद स्वीकारल्यानंतर त्यांनी निराळ्या धर्तीच्या स्पर्धा भरविल्या. एका स्पर्धेत चेंडू केवळ कमकुवत पायाने मारायचा, तर दुसरीत ड्रिब्लिंगला बंदी. खेळाडूची उणीव चारचौघांत उगाळण्याऐवजी खेळता खेळता ती भरून निघण्याची सोयच त्यांनी करून ठेवली. या मेहनतीचे फळ मुंबईकरांनीही पाहिले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलिस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक पटकाविला.

१९५१ मध्ये दिल्लीत पहिले आशियाई सुवर्ण आले. मात्र १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. अनवाणी खेळण्याचे दिवस सरले होते. बूट घालून खेळणारा संघ उभा राहिला आणि १९५६ मध्ये मेलबर्नला त्याने ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ४-२ अशा विजयात मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या वेळी कर्करोगाने रहीमसाहेबांचे शरीर पोखरले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून पराभव झाला. पुढे बचावपटू जर्नेलसिंग डोक्याला जखम होऊन टाके पडल्याने अडचणीत आला. अशा खेळाडूला बाहेर बसविणे सोपे होते. रहीमसाहेबांनी मात्र त्याच्यातील जिद्द हेरून त्याला थेट आघाडीच्या फळीत आणले. जर्नेलने उपांत्य सामन्यात गोल केला आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यातही. दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा. विरोधात गेलेल्या प्रेक्षकांसमोर भारताने त्याच कोरियाला २-१ असे नमविले.

११ जून १९६३ रोजी रहीमसाहेबांचे निधन झाले. त्यानंतर २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या स्पर्धेपर्यंत भारताच्या पुरुष संघाला ते सुवर्ण पुन्हा मिळविता आले नव्हते. प्रत्येक खेळाडूला वेगळे ओळखणारा शिक्षक गमावल्याची किती मोठी किंमत भारतीय फुटबॉलने मोजली, हे त्यावरून ध्यानात येते.