चुकीचा पत्ता शोधणारा गणिती

हार्डडिस्कवर लिहिलेले अक्षर जसेच्या तसे परत वाचता येते, हे आज इतके गृहीत धरलेले असते की एखाद्या दिवशी ते वाचता आले नाही म्हणजेच माणूस चपापतो. वास्तविक वेगाने फिरणाऱ्या तबकडीवरून सूक्ष्म चुंबकीय खुणा वाचताना चुका सतत होत असतात. डिस्कमधील यंत्रणा त्या वाटेतच पकडते, दुरुस्त करते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. चूक होणारच असे धरून यंत्राची रचना करण्याची ही रीत संगणकशास्त्रात रुजवणाऱ्यांत अग्रक्रमाने नाव घ्यावे लागते ते अमेरिकी गणिती रिचर्ड वेस्ली हॅमिंग यांचे.

हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी शिकागो येथे झाला. त्यांना खरे तर इंजिनीअर व्हायचे होते. परंतु महामंदीच्या त्या दिवसांत शिष्यवृत्ती मिळाली ती शिकागो विद्यापीठाची आणि तेथे अभियांत्रिकीची शाखाच नव्हती. नाइलाजाने ते गणिताकडे वळले, आणि पुढे या नाइलाजाबद्दल त्यांनी समाधानच व्यक्त केले. १९३७ मध्ये पदवी, १९३९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाची एम. ए. आणि १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट असा त्यांचा प्रवास झाला. त्याच वर्षी वँडा लिटल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

एप्रिल १९४५ मध्ये ते लॉस अलामोस येथील अणुबाँब प्रकल्पात दाखल झाले. पदार्थवैज्ञानिकांनी मांडलेली समीकरणे आयबीएमच्या गणनयंत्रांवर सोडवून घेणे हे त्यांचे काम. मानाचे स्थान नव्हेच. यंत्रे चालू ठेवणाऱ्या राखणदाराचे ते काम होते, असे ते स्वतःच विनोदाने म्हणत. मात्र अणुस्फोटाने पृथ्वीचे वातावरणच पेटेल काय, या प्रश्नाशी संबंधित आकडेमोड तपासण्याचा प्रसंगही आपल्यावर आला होता, असे त्यांनी पुढे सांगितले. आकडेमोडीत एखादी चूक राहून गेली तर काय होऊ शकते, याचा याहून भेदक धडा तरुण गणितज्ञाला मिळणे कठीण.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये हॅमिंग बेल टेलिफोन प्रयोगशाळेत आले. माहितीशास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन तेथे त्यांचे सहकारी होते. काही काळ दोघांची खोलीही एकच होती. त्या वेळी प्रयोगशाळेचे 'मॉडेल पाच' हे गणनयंत्र विजेच्या चुंबकांनी उघडझाप करणाऱ्या सुमारे ९ हजार रिलेंवर चाले. यंत्राला आपली चूक ओळखता येत असे. दिवसा ते चूक आढळताच थांबून दिवे लावी, आणि चालक येऊन बिघाड दूर करी. शनिवार-रविवारी मात्र चालक नसत. तेव्हा चूक आढळली की यंत्र ते काम तसेच टाकून देऊन पुढच्या कामाला लागे.

हॅमिंग यांना यंत्र मिळे ते बहुधा सुट्टीच्या दिवशीच. सोमवारी उत्सुकतेने येऊन पाहावे, तर गणित अर्धवट टाकून दिलेले. लागोपाठ दोन आठवडे असे झाल्यावर ते वैतागले. यंत्राला चूक झाली एवढे जर कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये आणि त्याने ती आपली आपण दुरुस्त का करू नये, हा प्रश्न त्यांच्या मनात ठाण मांडून बसला.

उत्तराचा सोपा मार्ग उघड होता. प्रत्येक गोष्ट तीनदा लिहावी आणि दोघांचे एकमत होईल ते खरे मानावे. पण त्यात जागा तिप्पट लागते. हॅमिंग यांनी याहून पुष्कळ काटकसरीची युक्ती शोधली. माहितीचे शून्य-एक असे चार अंक घ्यावेत आणि त्यांना तपासणीचे तीन अंक जोडून सात जागांची ओळ करावी. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागी तपासणीचे अंक, उरलेल्या जागी माहिती. पहिली तपासणी १, ३, ५, ७ या जागांवर नजर ठेवते. दुसरी २, ३, ६, ७ वर. आणि तिसरी ४, ५, ६, ७ वर. प्रत्येक गटात एक या अंकाची संख्या सम राहील, असे तपासणीचे अंक ठरवायचे. आता पाचव्या जागेवरचा अंक उलटला, तर पहिल्या जागेची आणि चौथ्या जागेची तपासणी बिघडते, दुसरीची शाबूत राहते. एक अधिक चार म्हणजे पाच. चुकीचा पत्ता चुकीनेच सांगितला! अंक शून्य आणि एक असे दोनच असल्याने पत्ता कळला की दुरुस्ती आपोआप होते.

हे काम लगेच छापून आले नाही. प्रयोगशाळेला आधी पेटंट हवे होते. दरम्यान शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या सात अंकी संकेताचा उदाहरणादाखल उल्लेख केला. तेवढ्या धाग्यावरून मार्सेल गोले यांनी १९४९ मध्ये एका पानाचे टिपण लिहून विषय बराच पुढे नेला. हॅमिंग यांचा स्वतःचा निबंध आला एप्रिल १९५० मध्ये. श्रेयाचा वाद त्यामुळे उगाचच उद्भवला. या निबंधातील 'अंतर' ही कल्पना, म्हणजे दोन ओळी किती जागी वेगळ्या आहेत याचे माप, पुढील साऱ्या संशोधनाचा आधार ठरली. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांनी मांडलेला संकेत हार्डडिस्कच्या सेक्टरांमध्ये वर्षानुवर्षे वापरला गेला. सर्व्हरच्या मेमरीत तर ६४ अंकांमागे तपासणीचे ८ अंक ठेवण्याची पद्धत हॅमिंग यांच्याच घराण्यातली.

१९८८ मध्ये बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक डिस्क एकत्र जोडण्याची 'रेड' पद्धत मांडली. तिच्या दुसऱ्या स्तरात हॅमिंग संकेतच होता. पण तो स्तर व्यवहारात फारसा टिकला नाही, आणि कारण मोठे मार्मिक आहे. कोणती डिस्क बंद पडली हे डिस्कच सांगत असेल, तर पत्ता शोधण्याची गरज उरत नाही. तीन संख्या आणि त्यांची बेरीज हाती असताना एखादी संख्या पुसली गेली, तर ती वजाबाकीने परत मिळते, तसाच हा प्रकार. कोठे बिघडले हे ठाऊक नसते, तेथेच हॅमिंग यांची युक्ती लागते.

तिला मर्यादाही आहे, आणि ती हॅमिंग यांनीच गणिताने दाखवून दिली. सात अंकांत एकाऐवजी दोन अंक उलटले, तर संकेत खुशाल तिसऱ्याच जागेकडे बोट दाखवतो. डिस्कचेही तसेच. सेक्टरमधील चुका मर्यादेपलीकडे गेल्या की तो सेक्टर वाचता येत नाही, एवढेच उत्तर मिळते. वाचणारे टोक किंवा मंडल बिघडले असेल, तर सुटा भाग बदलून तबकडीवरील मजकूर सेक्टरमागून सेक्टर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतो. टोकाने तबकडीवरचा चुंबकीय लेपच खरवडून काढला असेल, तर कोणतेही गणित तो परत आणू शकत नाही. फाइल चुकून पुसली गेली किंवा तिच्यावर भलतेच लिहिले गेले, तर जोडलेल्या साऱ्या डिस्क तो बदल इमानेइतबारे जपतात. अशा वेळी उपयोगी पडते ती निराळ्या जागी ठेवलेली प्रतच.

१९६८ मध्ये हॅमिंग यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. बेल प्रयोगशाळेत त्यांचा धाक होता. जेवणाच्या टेबलावर ते रसायनशास्त्रज्ञांना त्यांच्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे प्रश्न कोणते ते विचारत, आणि काही दिवसांनी, मग तुम्ही त्या प्रश्नांवर काम का करीत नाही असेही विचारत. त्या टेबलावर त्यांचे स्वागत फार काळ झाले नाही, यात नवल नाही. १९७६ मध्ये ते बेल सोडून कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात शिकवू लागले. अधिकाऱ्यांसमोर दिलेली व्याख्याने १९९७ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत ते वर्ग घेत होते. ७ जानेवारी १९९८ रोजी माँटेरे येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.