पिशिंगिन्या : बैठकीत घडलेला वादक

ब्राझील देशातील रिओ शहरी वादक मेजाभोवती बसून बासरी, गिटार, चार तारांचे चिमुकले कावाकिन्यो व खंजिरीसारखे पांदेरो वाजवितात. तिकीट नाही, आणि पुष्कळदा पुढ्यात लिहिलेले स्वरही नाहीत. या संगीतास ‘शोरो’ व बैठकीस ‘रोदा’, म्हणजे वर्तुळ, म्हणतात.

अशाच बैठकीत आल्फ्रेदो व्हियाना ऊर्फ पिशिंगिन्या घडला. त्याचा जन्म १८९७ साली झाला. वडील तारखात्यात नोकर असून बासरी वाजवीत. त्यांच्या घरी वादक जमत. मुलगा कान देऊन ऐके व शिके. १९१९ साली त्याच्या आठ जणांच्या ताफ्याने रिओतील एका सिनेमागृहात वादन आरंभिले. १९२२ साली ताफा पॅरिसला निघाला, तेव्हा कृष्णवर्णीयांनी परदेशी ब्राझीलचे नाव मिरवावे, हे स्वदेशातीलच कित्येक वृत्तपत्रलेखकांस रुचले नाही. तरी ते गेले, व कित्येक महिने तेथील श्रोत्यांस रिझवून परतले.

१९७३ साली एका बाळाच्या बाप्तिस्म्यास धर्मपिता म्हणून गेला असता, त्यास देवळातच मृत्यू आला. त्याची जन्मतिथी समजली गेलेली २३ एप्रिल ही तारीख आता तेथे शोरोचा राष्ट्रीय दिन आहे.

विद्यार्थिमित्रहो, कातडीच्या रंगावरून माणसाची पारख करणाऱ्या त्या लेखकांची नावे आज कोण घेतो? पिशिंगिन्याच्या चिजा मात्र त्या वर्तुळात अजून वाजतात. शेजारी बसलेल्याचे आधी ऐकावे, मग आपला सूर लावावा, हा त्या बैठकीचा धडा आम्हांस आपल्या वर्गातही हवासा वाटतो.