तिशीपर्यंतची मुदत

ऑर्गनवादन, तत्त्वज्ञान, ईश्वरविज्ञान व अध्यापन या सर्वांत ज्याला उत्तम गती आहे, त्याने नेमके काय धरावे आणि काय सोडावे? आल्सेसमधील एका पाळकाचे पुत्र अल्बर्ट श्वाइट्झर (१८७५-१९६५) यांच्यापुढे हा प्रश्न होता. १८९६ साली, पेंटेकॉस्टच्या सणात, त्यांनी निश्चय केला की तिशीपर्यंत विद्या व कला यांसाठी जगावे. त्यानंतर प्रत्यक्ष मानवसेवा. कोणतीही आवड त्यांनी हीन लेखली नाही, केवळ मुदत घातली.

सेवा कोणती, हे मात्र कित्येक वर्षे ठरेना. अनाथ मुलांसाठी काही करावे, तर तेही जमले नाही. अखेर १९०४ मध्ये पॅरिसच्या मिशनचे एक मासिक हाती आले. मध्य आफ्रिकेत माणसे हवी होती! पुढच्याच वर्षी स्ट्रासबुर्ग विद्यापीठातील हे अध्यापक तेथेच वैद्यकाचे विद्यार्थी झाले. आप्तमित्रांनी कडाडून विरोध केला. आपण त्यांच्यात असतो तर निराळे काय बोललो असतो?

१९१३ मध्ये पत्नी हेलेन यांच्यासह ते गॅबनमधील लांबारेने येथे गेले. आता ऑर्गन सुटला, असे त्यांनी मनाशी धरले होते. परंतु पॅरिसच्या बाख सोसायटीने उष्ण हवेत टिकणारा, ऑर्गनप्रमाणे पायपट्ट्या असलेला पियानो त्यांना भेट दिला. दिवसभर रुग्ण तपासून ते त्यावर सराव करीत. आणि पुढे युरोपात ऑर्गनवादनाचे कार्यक्रम करून त्यांनी त्याच रुग्णालयासाठी पैसा उभा केला.