रविवारच्या सुट्टीमागचा माणूस

रविवार म्हटलं की घराघरांत वेगळाच थाट असतो. मुलं उशिरापर्यंत लोळतात, पुरुष मंडळींना पेपरसोबत दुसरा चहा लागतो. आपल्याला मात्र त्या दिवशी दुप्पट काम, हे काही वेगळं सांगायला नको! पण ही सुट्टी कामगारांना कुणी मिळवून दिली, असं विचारलं तर पटकन उत्तर येतं, इंग्रजांनी. सरकारी कचेऱ्यांपुरतं ते खरं आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायाबापड्यांना मात्र ती सहजासहजी मिळाली नाही. त्यासाठी एका मराठी माणसाने सहा वर्षं पिच्छा पुरवला. त्यांचं नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म 1848 सालचा, ठाण्याचा. माळी समाजातलं, मूळचं पुणे जिल्ह्यातलं गरीब कुटुंब. शिक्षण बेताचंच झालं. आधी रेल्वेच्या टपाल खात्यात आणि मग मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत त्यांनी नोकरी धरली. बसायला कचेरी होती, पण डोळ्यांसमोर रोज कामगार दिसत होते. सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद, असा तिथला हिशोब. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे तेरा-चौदा तास उभं राहायचं. सगळीकडे कापसाची धूळ. जेवायची ठरलेली वेळ नाही आणि आठवड्याची सुट्टी तर नाहीच. त्यात बायका होत्या, लहान पोरंही होती.

कायदा नव्हता का? होता. 1881 साली पहिला कारखाना कायदा आला होता. पण त्यात मुख्यतः मुलांचाच विचार होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांकडून नऊ तासच काम घ्यायचं. बाईचा त्यात उल्लेखही नव्हता. शिवाय यंत्रावर चालणाऱ्या आणि शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. लहान कारखान्यातला कामगार पहिल्या दिवसापासूनच बाहेर राहिला.

लोखंडे महात्मा जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 1877 साली ‘दीनबंधू’ नावाचं पत्र सुरू केलं होतं. ते चालवणं कठीण झालं तेव्हा 1880 साली लोखंड्यांनी ते मुंबईला आणून आपल्या अंगावर घेतलं. बांधलेला पगार सोडून वर्तमानपत्राच्या मागे लागायचं म्हणजे घरच्या बाईच्या पोटात गोळाच येणार! पण गिरणीतली हकिकत छापणारी दुसरी जागा नव्हती. ‘दीनबंधू’तून ते कामगारांचे हाल लिहीत राहिले.

1884 साली सरकारने गिरण्यांची चौकशी करायला आयोग नेमला. लोखंड्यांनी ही संधी बरोबर हेरली. सप्टेंबर महिन्यात परळला कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही त्यांची संघटना त्याच वर्षीची. भारतातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

त्या अर्जात काय मागितलं होतं, हे मुद्दाम वाचण्यासारखं आहे. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास जेवायला. सकाळी साडेसहाला काम सुरू करून सूर्यास्ताला बंद. झालेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि काम करताना दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय. आजकाल मोठ्या कंपन्यांत ‘एम्प्लॉयी वेलनेस’ म्हणून योगाचे वर्ग आणि आरोग्य तपासण्या असतात. त्या चांगल्याच. पण कामगाराच्या तब्येतीचा पाया काय, ते या माणसाने तेव्हाच मांडून ठेवलं होतं.

मागण्या लगेच मान्य झाल्या नाहीत. लोखंडे मात्र थांबले नाहीत. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. मैत्रिणींनो, त्या सभेत दोन स्त्री कामगार उभ्या राहून बोलल्या! बाईने चारचौघांत तोंड उघडायचं नाही, असे ते दिवस होते. रविवारच्या सुट्टीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघटनेकडे गेला आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी तो मान्य केला. पुढे 1891 च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती पक्की केली. बायकांचे कामाचे तास अकरावर आणले आणि त्यांना दिवसात दीड तास विसावा दिला.

बाईचं दुःख त्यांना गिरणीबाहेरही दिसत होतं. विधवांचं केशवपन बंद व्हावं म्हणून त्यांनी मुंबईतल्या न्हावी बांधवांनाच एकत्र केलं आणि हे काम आपण करणार नाही, असं त्यांच्याकडून ठरवून घेतलं. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. 1896 च्या अखेरीस मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून पळत असताना लोखंडे रोग्यांच्या सेवेला लागले, आणि त्याच रोगाने 9 फेब्रुवारी 1897 रोजी गेले. वय जेमतेम 49. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुलेही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. 2005 साली लोखंड्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.

1891 च्या कायद्याने शंभरची अट पन्नासवर आणली, तरी चार-पाच माणसांचा धंदा बाहेरच राहिला. आजही छोट्या ठिकाणी कामाला असलेल्या बाईची काळजी कायद्यापेक्षा मालकाच्या मनावरच जास्त चालते. आणि आता मालकाच्या जागी आपल्यातल्याही कितीतरी जणी आहेत. कुणाचं ब्यूटी पार्लर आहे, कुणाचं शिवणकाम, कुणी पापड-मसाले करतं, कुणाचं पोळी-भाजी केंद्र आहे. हाताखाली दोन-चार बायका असतातच. धंदा लहान, आम्हाला कुठे परवडतं, असं आपण सहज म्हणून जातो.

पण लोखंड्यांची यादी पुन्हा बघा. त्यातलं खर्चाचं कलम एकच, दुखापतीतल्या पगाराचं. मशीनची सुई बोटात घुसली, तव्याने हात भाजला, तर त्या दिवसांचे पैसे कापू नका. बाकीच्या गोष्टींना शिस्त लागते, पैसा फारसा नाही. जेवायला अर्धा तास निवांत द्यावा. दिवसभर उभ्या असणाऱ्या बाईला टेकायला स्टूल आणि जवळ स्वच्छ संडास असावा. आठवड्याचा एक दिवस तिचा तिला मिळावा, ऑर्डर कितीही असो. सणासुदीला तो हुकलाच तर बदली दिवस आठवणीने द्यावा. घरी भांडीधुणी करणाऱ्या मावशींनाही हेच लागू.

सुरुवात कुठून करायची, असं वाटत असेल तर सोपं आहे. या महिन्यापासून पगाराची एक तारीख ठरवा, ती कॅलेंडरवर लिहा आणि पाळा. तिच्या घरचं वाणसामान आणि मुलांची फी त्या एका तारखेवर अडलेली असते.