सरकारी वकील, न्यायमूर्ती, सभापती

सरकारी वकिलाने पद सोडले की खासगी वकिली करावी, ही कायद्याच्या क्षेत्रातील रूढ वाट. १९७३ साली के. एस. हेगडे यांना मात्र ती वाट खुली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्तीस देशातील कोणत्याही न्यायालयात वकिली करण्यास राज्यघटनेचीच मनाई आहे.

१९०९ मध्ये जन्मलेले हेगडे १९४७ ते १९५१ या काळात सरकारी वकील होते. पुढे काँग्रेसतर्फे राज्यसभा, १९५७ मध्ये बंगळूरला म्हैसूर उच्च न्यायालय, १९६६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीशपद आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालय, अशी त्यांची वाटचाल झाली. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणाऱ्या सात न्यायमूर्तींत ते होते. लगेचच शेलत, हेगडे व ग्रोव्हर या तिघांना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले. तिघांनीही राजीनामे दिले.

एकेकाळी न्यायालयात शासनाची बाजू मांडणारे हेगडे आता जनतेपुढे न्यायसंस्थेची बाजू मांडू लागले. १९७७ मध्ये कर्नाटकातील २८ पैकी २६ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या दोनपैकी बंगळूर दक्षिणची जागा हेगडे यांनी जनता पक्षाला मिळवून दिली. त्याच वर्षी जुलैत ते लोकसभेचे सभापती झाले. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

१९७७ च्या आरंभी न्या. खन्ना यांनाही डावलले गेले. त्यानंतर मात्र सरन्यायाधीशपदासाठी ज्येष्ठतेचा संकेत कोणत्याही सरकारने मोडलेला नाही. या संयमाचे काही श्रेय त्या तीन राजीनाम्यांना द्यावेच लागेल.