हॅरी फर्ग्युसन

शेतात चालणारा ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. शेताचा बांध जवळ आला, की चालक शेजारचा लहानसा दांडा ओढतो आणि मागचा जड नांगर अलगद वर उचलला जातो. चालकाला खाली उतरावे लागत नाही किंवा ताकद लावावी लागत नाही. ही सोय शेतकऱ्यांना मिळवून देणाऱ्या संशोधकाचे नाव हॅरी फर्ग्युसन.

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडमधील ग्रोवेल या गावी झाला. वडील शेतकरी होते. अकरा भावंडांत हॅरी चौथा. शेतीतील कष्टाच्या कामात त्याचे मन रमेना. १९०२ साली तो बेलफास्ट शहरात आपल्या भावाच्या कारखान्यात सायकली आणि मोटारी दुरुस्त करायला शिकू लागला. यंत्रांची त्याला फार आवड होती. त्याने स्वतः एक विमान तयार केले आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी ते उडवून दाखवले. आयर्लंडमध्ये विमान उडवणारा तो पहिला माणूस ठरला.

पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले. अन्नधान्याची टंचाई भासू लागली. जास्तीत जास्त जमीन नांगरणे गरजेचे होते. १९१७ मध्ये आयर्लंडच्या शेती खात्याने ट्रॅक्टरचे काम सुधारण्याची जबाबदारी फर्ग्युसन यांच्यावर सोपवली. विली सँड्स या आपल्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन ते गावोगाव फिरले.

त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे गाडीसारखा नुसता बांधलेला असे. नांगराचा फाळ जमिनीतल्या दगडात अडकला, की ट्रॅक्टरची पुढची चाके वर उचलली जात. कधी कधी सारा ट्रॅक्टर मागे उलटे आणि चालक त्याखाली चिरडला जाई. पोट भरण्यासाठी घेतलेले यंत्रच माणसाचा जीव घेत होते. यावर उपाय शोधायचाच, असे फर्ग्युसन यांनी ठरवले.

त्यांनी अनेक वर्षे प्रयोग केले. शेवटी नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडण्याची पद्धत तयार झाली. दोन दांडे खाली आणि एक वर. खालचे दांडे नांगर ओढत. वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटत असे, म्हणून पुढची चाके जमिनीवरच टिकत. नांगर उचलण्यासाठी त्यांनी तेलाच्या दाबाचा उपयोग केला. पंप तेलाला नळकांड्यात ढकलतो. तेलाच्या दाबाने आतला दट्ट्या सरकतो आणि नांगर वर येतो. नांगर फार खोल गेला, तर ही यंत्रणा आपोआप त्याला थोडा वर घेई. यालाच हायड्रॉलिक यंत्रणा म्हणतात.

१९३८ मध्ये फर्ग्युसन अमेरिकेत गेले आणि त्यांनी आपला ट्रॅक्टर हेन्री फोर्ड यांना दाखवला. दोघांनी हातात हात देऊन करार केला. कागदावर काहीच लिहिले नाही. १९३९ पासून ट्रॅक्टर तयार होऊ लागले आणि त्यांची लाखोंनी विक्री झाली. परंतु १९४७ मध्ये फोर्ड यांच्या नातवाने हा करार मोडला आणि फर्ग्युसन यांच्या पद्धतीचेच ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली. फर्ग्युसन डगमगले नाहीत. त्यांनी एवढ्या मोठ्या कंपनीविरुद्ध न्यायालयात दावा केला. अखेर १९५२ मध्ये तडजोड झाली आणि त्यांना ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

दरम्यान १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे त्यांचा लहान, करड्या रंगाचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला होता. दहा वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये याच जातीचे ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोहोचले.

२५ ऑक्टोबर १९६० रोजी फर्ग्युसन यांचे निधन झाले. त्याच वर्षी मद्रास येथे एक कंपनी स्थापन झाली आणि पुढे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात तयार होऊ लागले. आज तेलाच्या नळ्या ट्रॅक्टरमधून मागच्या अवजारांपर्यंतही नेतात. त्यामुळे चालक जागेवर बसूनच ट्रॉली उलटी करून माल खाली ओततो. तीन दांड्यांची ती जोडणी तर जगभर सर्व कंपन्यांच्या ट्रॅक्टरवर दिसते. शेतीच्या कष्टांना कंटाळून घर सोडणाऱ्या मुलाने जगातल्या असंख्य शेतकऱ्यांचे कष्ट हलके केले.